तांब्यावर कोरलेला सुलतान

बंगळूरच्या विमानतळाकडून नंदीदुर्गाच्या दिशेनं निघालं की थोड्याच अंतरावर देवनहळ्ळीचा किल्ला लागतो. १५०१ मध्ये मल्लबैरेगौडानं इथे मातीची गढी उभारली. दगडी तट आणि अर्धगोल बुरूज तिला हैदर-टिपूच्या काळात मिळाले. १७४९ मध्ये म्हैसूरच्या फौजेनं ही गढी जिंकली, तेव्हा त्या फौजेत हैदरअली नावाचा एक स्वार होता. त्याचं नाव पुढे आलं ते याच वेढ्यात. त्यानंतर इथेच त्याला मुलगा झाला. टिपूच्या जन्माची रूढ तारीख २० नोव्हेंबर १७५०. किल्ल्याजवळ खांबांचं एक छोटं, जेमतेम सहा फूट उंचीचं आवार आहे आणि त्यात एक शिलालेख बसवला आहे. तेच त्याचं जन्मस्थान म्हणून दाखवतात. पुढे टिपूनं गावाचं नाव बदलून युसुफाबाद ठेवलं, पण लोकांच्या तोंडी देवनहळ्ळीच राहिलं.

या माणसाचा चेहरा जगाला माहीत झाला तो मात्र इथून पाच हजार मैलांवर, लंडनमधल्या दुकानांच्या काचांमागून. १७९१ ते १८०३ या बारा वर्षांत त्याच्यावर, त्याच्या मुलांवर, त्याच्या राजधानीवर आणि त्याच्या मृतदेहावर जितकी चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली गेली, तितकी त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याच हिंदी राजाच्या वाट्याला आली नाहीत. या छापील चित्रांना आपण इथे ठसाचित्रं म्हणू. ती काढणाऱ्या बहुतेकांनी टिपूला कधी पाहिलं नव्हतं. तरीही शाळेच्या पुस्तकापासून संग्रहालयांच्या भिंतींपर्यंत आपण आजही त्यांच्याच डोळ्यांनी त्याला पाहतो. म्हणून ती नीट, जवळून पाहायला हवीत. शेजारी त्याच वर्षांची दुसरी ठसाचित्रं ठेवून पाहिली तर आणखी चांगलं. ती दुसरी चित्रं आहेत फ्रान्सच्या राजाची.

आधी हे चित्र बनतं कसं ते पाहू. तांब्याचा पत्रा घासून आरशासारखा गुळगुळीत करतात. त्यावर पोलादी कोरणीनं रेषा काढतात, किंवा मेणाचा लेप देऊन तो सुईनं खरवडतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. सगळ्या पत्र्याला शाई चोपडून वरची पुसून घेतली की ती खाचांत तेवढी उरते. ओला कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढला की खाचांतली शाई कागदावर उतरते. चित्र उलटं छापलं जातं, म्हणून कोरणाऱ्याला डावं-उजवं बदलून काम करावं लागतं. खोल रेषांचा पत्रा हजारो प्रती सोसतो. मेझोटिंट या मखमली छटांच्या पद्धतीत मात्र काही शे प्रतींतच पत्रा झिजू लागतो. १७९० च्या दशकात लंडनला वेड लागलं होतं ठिपक्यांच्या पद्धतीचं. तिच्यात गाल, अश्रू, मलमलीचा अंगरखा, सगळं हजारो बारीक ठिपक्यांतून मऊसूत उभं राहतं. करुण प्रसंगासाठी याहून सोयीची पद्धत नव्हती.

आणखी एक गोष्ट अभ्यासकांच्या पथ्यावर पडली आहे. १७३५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं ठसाचित्रांच्या हक्काचा कायदा केला. हक्क हवा असेल तर मालकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख पत्र्यावरच कोरणं त्यानं बंधनकारक केलं. चित्राखालच्या त्या बारीक ओळीमुळे कोणी, कुठल्या पत्त्यावर, कोणत्या दिवशी काय विकायला काढलं ते आज दिवसागणिक सांगता येतं. चित्र खोटं असलं तरी ती ओळ सहसा खरी असते.

या मालिकेच्या सुरुवातीच्या सर्वांत तिखट चित्रांपैकी एक थट्टेचं आहे, आणि थट्टा टिपूची नाही. ६ डिसेंबर १७९१ ही तारीख कोरलेलं जेम्स गिलरेचं व्यंगचित्र टिपूच्या राजधानीहून, श्रीरंगपट्टणहून झालेल्या माघारीवर आहे. गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिस गाढवावर बसून पळतो आहे आणि तटावर उभा असलेला टिपू वरून त्याच्यावर मुततो आहे. ही माघार घडली होती त्याच वर्षी मे महिन्यात. मार्चमध्ये बंगळूर घेऊन, देवनहळ्ळी आणि चिक्कबळ्ळापूर ताब्यात आणून कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत गेला. १५ मे रोजी अरकेरेला लढाईही जिंकला. पण पाऊस, उपासमार आणि मेलेले बैल यांपुढे त्याचा इलाज चालला नाही. वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हातांनी नासवून त्याला परत फिरावं लागलं.

या चित्राची धार कळायला दहा वर्षं मागे जावं लागतं. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी अमेरिकेत यॉर्कटाउनला ज्याच्या फौजेनं वॉशिंग्टनपुढे शस्त्रं खाली ठेवली, तो सेनापती हाच कॉर्नवॉलिस. त्या शरणागतीचीही चित्रं निघाली होती. पहिल्या क्रांतीत हरलेला सेनापती हिंदुस्थानातही हरतो आहे, आणि तेवढ्यात पलीकडे फ्रान्समध्ये दुसरी क्रांती पेटली आहे, असा तो १७९१ चा हिवाळा होता. लंडनला एका विजयाच्या चित्राची निकड होती. चित्रकारांना ते पुढच्याच वर्षी मिळालं.

फेब्रुवारी १७९२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनी, निजाम आणि मराठे यांच्या फौजांनी श्रीरंगपट्टणाला पुन्हा वेढा घातला. टिपूनं तह पत्करला. अर्धं राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि तहाची पूर्तता होईपर्यंत दोन मुलगे ओलीस, अशा अटी होत्या. २६ फेब्रुवारीला दहा वर्षांचा अब्दुल खालिक आणि आठ वर्षांचा मुइझुद्दीन किल्ल्याबाहेर आले. कंपनीच्या फौजेतला अधिकारी मेजर डायरम तिथे हजर होता आणि त्याचं वर्णन पुढच्याच वर्षी छापलं गेलं. त्यानुसार मुलं चांदीच्या अंबाऱ्यांत बसून हत्तीवरून आली. पुढे सांडणीस्वार, हिरवी निशाणं, रुपं जडवलेले भाले घेतलेले शिपाई होते. अंगात पांढरे मलमली अंगरखे, डोक्यावर लाल पागोटी, गळ्यात मोत्यांचे सर. किल्ल्यावरून सलामीच्या तोफा झाल्या आणि टिपू स्वतः दरवाज्यावरच्या तटावर उभा राहून पाहत होता. टिपूचा वकील गुलामअली खान यानं मुलांना कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन केलं. आता यांना बाप तुम्हीच, अशा अर्थाचं तो बोलला. कॉर्नवॉलिसनं दोघांना जवळ घेतलं, दोन बाजूंना बसवलं आणि एकेक सोन्याचं घड्याळ दिलं.

त्या दिवशी तिथे एक चित्रकारही होता. रॉबर्ट होम नुकताच मद्रासला आला होता आणि परवानगी काढून फौजेबरोबर चालला होता. त्यानं या प्रसंगाचं मोठं तैलचित्र केलं. त्याच्या डाव्या टोकाला चित्रांची वही काखेत घेतलेला माणूस दिसतो, तो होम स्वतः. ‘हे मी पाहिलं आहे’ असं सांगायची ही त्याची पद्धत. १७९४ मध्ये लंडनला त्याच्या म्हैसूरच्या देखाव्यांचं ठसाचित्रांचं पुस्तक निघालं. त्याच सुमारास कोलब्रुक आणि ॲलन या लष्करी अधिकाऱ्यांचेही म्हैसूरच्या देखाव्यांचे संच आले. कड्यावरचे किल्ले, ताडांच्या रांगा, उन्हात तापलेले खडक. ज्यांनी हा मुलूख पायी तुडवला त्यांच्या कामात नंदी-सावनदुर्गाच्या बाजूच्या त्या प्रचंड काळ्या खडकांचा दरारा खरोखर उतरला आहे.

पण सर्वाधिक गाजली ती दुसरीच चित्रं. मॅथर ब्राउन हा बॉस्टनमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये स्थायिक झालेला चित्रकार. त्यानं हिंदुस्थानात कधी पाऊल टाकलं नाही. त्यानं या ओलिसांची एक मालिकाच रंगवली आणि डॅनियल ऑर्म या कोरणाऱ्यानं ती ठिपक्यांच्या पद्धतीनं पत्र्यावर उतरवली. एका चित्रात कॉर्नवॉलिस मुलांना स्वीकारतो आहे, एकात मुलं तहाचा कागद त्याच्या हाती देत आहेत. तिसऱ्याचा विषय आहे जनानखान्यातून मुलांची पाठवणी. जरा थांबून विचार करा. श्रीरंगपट्टणच्या जनानखान्यात त्या सकाळी काय झालं हे पाहणारा एकही परका माणूस नव्हता, असणं शक्यच नव्हतं. ते चित्र पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत कल्पनेतलं आहे.

मग ही कल्पना आली कुठून? याचं उत्तर त्याच चित्रकाराच्या त्याच वर्षाच्या कामात सापडतं. २१ जानेवारी १७९३ रोजी पॅरिसमध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. आदल्या संध्याकाळी तांपल तुरुंगात त्यानं बायको-मुलांचा निरोप घेतला होता. हा निरोप लंडनच्या चित्रबाजारात महिन्याभराच्या आत विषय झाला, आणि तो रंगवणाऱ्यांत मॅथर ब्राउन होता. टिपूच्या मुलांची ताटातूट रंगवणारा आणि लुईच्या मुलांची ताटातूट रंगवणारा हात एकच. याच निरोपाचं चार्ल्स बेनाझेकनं केलेलं चित्र लुइजी शियावोनेत्तीनं पत्र्यावर कोरलं. तो इटलीतून १७९० मध्ये लंडनला आलेला तरुण कोरक. श्रीरंगपट्टणच्या पतनानंतर टिपूची चित्रं कोरणाऱ्यांत हा लुइजी आणि त्याचा भाऊ निकोलो पुन्हा दिसतात. त्यांच्या जोडीला अँथनी कार्डन आहे. हा ब्रसेल्सचा, क्रांतीच्या धामधुमीत १७९२ मध्ये देश सोडून लंडनला आलेला. त्या ठसाचित्रांमागचा चित्रकार हेन्री सिंगल्टन. त्यानंच काही वर्षांपूर्वी बास्तीलचा पाडाव रंगवला होता आणि त्याचं ठसाचित्र १७९२ मध्ये विकायला आलं होतं.

या नावांची अशी गाठ बसते तेव्हा योगायोगाची भाषा पुरी पडत नाही. क्रांतीच्या दशकात लंडनमध्ये राजघराण्याच्या दुःखाचा एक धंदा उभा राहिला होता. तेच चित्रकार, तेच कोरक, तेच ग्राहक. पण या धंद्याचा कल दोन घराण्यांसाठी दोन दिशांना होता, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचं मर्म तिथे आहे. लुईच्या चित्रात पाहणाऱ्यानं राजासाठी रडायचं आहे, कारण मुलांना बापापासून तोडणारे दुष्ट आहेत. टिपूच्या चित्रातही मुलं बापापासून तुटतात, पण तोडणारा तिथे दयाळू आहे, हात पसरून उभा आहे. पाहणाऱ्याला रडूही यावं आणि आपल्या सेनापतीचा अभिमानही वाटावा, अशी ती रचना. ओलीस घेतलेल्या दोन मुलांच्या प्रसंगातून त्यांचा खरा बाप बाजूला सरकवून तिथे कॉर्नवॉलिस बसवला गेला. यॉर्कटाउनचा डाग आणि गिलरेचं गाढव, दोन्ही एकाच फटक्यात पुसून निघाली. पुढे मद्रासला टॉमस बँक्सनं घडवलेला कॉर्नवॉलिसचा संगमरवरी पुतळा बसला, तेव्हा त्याच्या चौथऱ्यावरही हाच ओलिसांचा देखावा कोरला गेला. तो पुतळा आज चेन्नईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या संग्रहालयात आहे.

मुलं मात्र चित्रात दिसतात तितकी गोजिरवाणी आणि गप्प नव्हती. मार्चमध्ये तहाचे कागद सुपूर्द करताना मित्रपक्षाचा एक वकील काही पुटपुटला. तेव्हा दहा वर्षांच्या अब्दुल खालिकनं त्याला, कुरकुरताय कशाला, तुमच्या धन्यांना नाराज व्हायचं काही कारण नाही, अशा अर्थानं सुनावलं. हे डायरमनंच लिहून ठेवलं आहे. पोराच्या अंगातला तो ताठा एकाही पत्र्यावर आला नाही.

मराठी वाचकाला या चित्रांत आणखी एक उणीव लगेच जाणवते. आपण कुठे आहोत? हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन या मोहिमेतले बरोबरीचे भागीदार होते. परशुरामभाऊंनी सहा महिन्यांहून अधिक काळ वेढा देऊन एप्रिल १७९१ मध्ये धारवाड घेतलं होतं. मे महिन्यात कॉर्नवॉलिसची फौज बैल खाऊन जगण्याच्या पाळीला आली होती. तेव्हा मेलुकोट्याच्या बाजूला अचानक समोर आली ती मराठ्यांची छावणी, आणि तिच्यामागे तिचा बाजार. धान्यापासून काश्मिरी शालींपर्यंत आणि चाकू-कात्र्यांपर्यंत त्या फिरत्या बाजारात काय मिळत नव्हतं, याचं वर्णन इंग्रजांच्या लेखनात थक्क होऊन केलेलं आहे. गिलरेच्या गाढवावरच्या माणसाला वाचवलं ते या बाजारानं. तहातही मुलूख आणि पैसा तिघांत सारखाच वाटला गेला. ओलीस मात्र एकट्या कंपनीच्या ताब्यात राहिले, आणि चित्राच्या मध्यावर एकटा कॉर्नवॉलिस. मोहिमेतला एक भागीदार चित्रातून गळाला की काही पिढ्यांनी तो इतिहासाच्या आठवणीतूनही गळू लागतो. मराठ्यांच्या बाबतीत तसं झालं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. हीच फौज शृंगेरीच्या मठाच्या लुटीसाठी मात्र लक्षात राहिली. ती लूटही खरी आहे आणि तिची जबाबदारी टाळण्याचं कारण नाही.

मुलं मद्रासला राहिली. तहाची पूर्तता झाल्यावर मार्च १७९४ मध्ये कॅप्टन डव्हटन त्यांना परत घेऊन आला. टिपू त्यांना घ्यायला राजधानी सोडून पुढे आला आणि त्यानं तळ दिला तो देवनहळ्ळीला, आपल्या जन्मगावी. त्या भेटीचं वर्णन म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सनं दिलं आहे. दरबारी तंबूत मुलं बापापुढे गेली आणि त्यांनी त्याच्या पायांवर डोकी ठेवली. टिपूनं एक शब्दही न बोलता दोघांच्या मानेवर हात ठेवले. मुलं उठली तेव्हा त्यांनी कुठे बसायचं ते हातानं दाखवलं. एवढंच.

दोन वर्षांनी परतलेली मुलं, परक्या अधिकाऱ्यासमोर भावना आवरून बसलेला बाप आणि एक अक्षर नाही. चित्रकारासाठी यापेक्षा भारलेला क्षण कोणता हवा? तरी सुपूर्तीच्या चित्रांची जशी रेलचेल झाली तशी परतीच्या चित्रांची झाली नाही. कारण उघड आहे. या प्रसंगात कॉर्नवॉलिस नाही, उलट त्याची दत्तक बापाची भूमिका इथेच संपते. मुलांना बाप होता, आणि तो त्यांना घ्यायला आला होता. जे चित्र विजेत्याच्या कामाचं नाही त्यासाठी पत्रा घासायला कोणी बसत नाही. देवनहळ्ळीला गेलात तर किल्ल्याच्या तटावरून सभोवतालच्या माळाकडे पाहताना हा न काढलेला प्रसंग जरूर आठवा. गावाच्या फलकांवर जन्मस्थानाचा उल्लेख आहे, पण या भेटीचा उल्लेख तिथे असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

टिपूचं आणि फ्रेंच क्रांतीचं नातं नुसतं चित्रबाजारापुरतं नव्हतं. १७८८ मध्ये त्याचे तीन वकील, मुहम्मद दर्वेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान, तूलाँ बंदरात उतरले. १० ऑगस्टला व्हर्सायमध्ये सोळाव्या लुईनं त्यांना दरबारी भेट दिली. लष्करी मदत मिळाली नाही, पण कारागीर मिळाले आणि सेव्हरच्या कारखान्यातली चिनी मातीची भांडी भेट मिळाली. पॅरिस त्यांच्या मलमलींवर आणि दाढ्यांवर फिदा झालं. राणीची आवडती चित्रकार एलिझाबेथ व्हिजे-लेब्रँ हिनं दर्वेश खानाचं माणसाएवढं चित्र काढलं. ते पॅरिसच्या प्रदर्शनात लागलं १७८९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे बास्तील पडल्यानंतर काही आठवड्यांनी. राजाच्या दरबारात गेलेला म्हैसूरचा वकील प्रदर्शनाच्या भिंतीवर चढेपर्यंत राजाची सत्ताच डळमळली होती.

टिपूनं मैत्री राजाशी मागितली होती, ती आता प्रजासत्ताकाशी करावी लागली. १७९७ मध्ये फ्रांस्वा रिपो नावाचा मॉरिशसकडून आलेला एक खलाशी श्रीरंगपट्टणात पोचला. तिथल्या फ्रेंचांनी जॅकोबिन, म्हणजे कट्टर क्रांतिवाद्यांचं, मंडळ काढलं, स्वातंत्र्यवृक्ष लावला, तोफा उडवल्या. ‘नागरिक टिपू’ ही प्रसिद्ध उपाधी सुलतानानं किती मनावर घेतली होती याबद्दल इतिहासकारांत वाद आहे. राजेपणाचा त्याचा थाट पाहता त्यानं ती पाहुण्यांची हौस म्हणून चालू दिली असावी असं मला वाटतं. पण जानेवारी १७९८ मध्ये मॉरिशसच्या गव्हर्नरनं टिपूच्या मदतीसाठी स्वयंसेवक हवेत असं जाहीरनामा काढून सगळ्या जगाला सांगून टाकलं. आले जेमतेम शंभर. नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली याला मात्र तेवढा कागद पुरला. त्याच वर्षी बोनापार्ट इजिप्तमध्ये उतरला आणि लंडनच्या नजरेत टिपू हा हिंदुस्थानातला जॅकोबिन ठरला.

४ मे १७९९ रोजी दुपारी श्रीरंगपट्टण पडलं. टिपू किल्ल्याच्या पाणदरवाज्यापाशी लढताना मारला गेला. रात्री मशालींच्या उजेडात प्रेतांच्या राशीतून त्याचा देह बाहेर काढला. शेवटच्या क्षणी त्याच्याजवळ असलेला जखमी सेवक राजा खान जिवंत सापडला आणि त्यानं जागा दाखवली. टिपू कसा पडला हे एकाही इंग्रजानं ‘हा टिपू’ असं ओळखून पाहिलेलं नाही. तरी पुढच्या तीन-चार वर्षांत त्या क्षणाची ठसाचित्रं लंडनमध्ये ओसंडून वाहू लागली.

सुरुवात केली बावीस वर्षांच्या रॉबर्ट केर पोर्टरनं. तोही हिंदुस्थानात कधी आला नव्हता. १८०० च्या वसंतात लंडनच्या लायसियम नाट्यगृहात त्यानं श्रीरंगपट्टणच्या हल्ल्याचं सुमारे एकशेवीस फूट लांबीचं, अर्धवर्तुळात मांडलेलं चित्र उघडलं. लोक तिकीट काढून आत जात आणि स्वतः खिंडारात उभे असल्यासारखे भोवती पाहत. ते अजस्र कापड पुढे नष्ट झालं. जोव्हान्नी व्हेंद्रामिनीनं केलेली त्याची ठसाचित्रं तेवढी उरली आहेत आणि ते चित्र कसं होतं ते आपल्याला त्यांच्यावरूनच कळतं. तांब्यानं कापडाला जगवलं.

सिंगल्टनच्या चित्रांतला टिपू पाहून नवल वाटतं. ज्याला दहा वर्षं क्रूर जुलमी म्हणून रंगवलं, तो मरताना वीर आहे. पागोट्यातून, तलवारीतून, वळलेल्या मानेतून कोरकांनी त्याला शोकांतिकेतल्या नायकाचा डौल दिला आहे. जिवंतपणी ज्याची भीती वाटते त्याला मेल्यावर मोठं करणं जेत्याला परवडतं. शत्रू जितका उमदा, तितका विजय मोठा. तेच कोरक काही वर्षांपूर्वी लुईला वधमंचाच्या पायथ्याशी असंच संयमी, असंच उजळ चेहऱ्यानं उभं करत होते. मृत्यूच्या क्षणी दोन्ही राजे चित्रात शेवटी एकाच साच्यात आले.

टिपूनं स्वतःही चित्रं काढवून घेतली होती. श्रीरंगपट्टणच्या दर्यादौलत महालाच्या भिंतीवर १७८० ची पोळ्ळिलूरची लढाई आहे. कर्नल बेली पालखीत जखमी बसला आहे, इंग्रजांचा चौकोन फुटला आहे आणि हैदर-टिपू हत्ती-घोड्यांवरून शांतपणे पुढे जात आहेत. बाजू घेण्यात हे चित्र लंडनच्या चित्रांपेक्षा तसूभरही कमी नाही. फरक एवढाच की भिंत जागेवरून हलत नाही. कागद हलतो. लंडनचा टिपू जहाजांतून डब्लिन, फिलाडेल्फिया, कलकत्ता असा जगभर गेला. टिपूचा टिपू कावेरीकाठच्या त्या भिंतीवर राहिला.

पुण्यातही याच वर्षांत अशा एका चित्राची पूर्वतयारी चालली होती. टिपूविरुद्धच्या तहाचा १७९० मधला पेशवे दरबार रंगवण्यासाठी इंग्रजांचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयानं जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात राहिला. त्यानं सवाई माधवराव, नाना फडणीस यांना समोर बसवून त्यांची चित्रं काढली. त्याच्या हाताखाली गंगाराम चिंतामण तांबट शिकला. पण ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि पुढच्याच महिन्यात वेल्स. त्याच्या कच्च्या चित्रांवरून टॉमस डॅनियलनं १८०५ मध्ये मोठं तैलचित्र पुरं केलं आणि १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरनं त्याचं मेझोटिंट काढलं. टिपूच्या चित्रांशेजारी हे ठेवलं की फरक लगेच दिसतो. इथे चेहरे प्रत्यक्ष पाहिलेले आहेत. नाना फडणिसांचा तो सडपातळ, सावध चेहरा कल्पनेनं कोणाला सुचला नसता.

तांब्यावर कोरण्याची ही विद्या पुण्याच्या तांबटांच्या हातात उतरलीही होती. नानांच्या आश्रयानं भगवद्गीता पत्र्यावर कोरून छापायचं ठरलं होतं, पण १८०० मध्ये नाना वारले आणि ते काम अडलं. त्या तालमीत तयार झालेला कारागीर मिरजेला गेला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८०५ मध्ये तिथे देवनागरी गीता तांब्याच्या पत्र्यांवरून छापली गेली. म्हैसूरच्या मोहिमांवर गेलेल्या पटवर्धनांच्याच कुळातलं हे संस्थान. लंडनमध्ये त्याच तांब्यावर टिपूचं मरण कोरलं जात होतं.

श्रीरंगपट्टण पडल्यावर टिपूच्या मुलांना वेल्लोरच्या किल्ल्यात ठेवलं गेलं. त्यांत आता सतरा वर्षांचा झालेला अब्दुल खालिक होता आणि मुइझुद्दीनही. त्या सुमारास टॉमस हिकी हा आयरिश चित्रकार मद्रासला होता. म्हैसूरच्या युद्धावर सात भव्य चित्रं काढून त्यांची ठसाचित्रं विकायची त्याची योजना होती. त्यासाठी त्यानं पतनानंतर इंग्रज अधिकाऱ्यांचे आणि टिपूच्या घराण्यातल्या, दरबारातल्या माणसांचे चेहरे समोर बसवून खडूनं टिपून घेतले. पण सातांपैकी एकही चित्र पुरं झालं नाही. त्यानं काढलेली टिपूच्या मुलांची तैलचित्रं कलकत्त्याला गेली आणि आज ती तिथल्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहेत. वेल्लोरला जुलै १८०६ मध्ये शिपायांचा उठाव झाला, त्यानंतर ही भावंडंही कलकत्त्यालाच धाडली गेली. ब्राउनच्या चित्रातली गोंडस पोरं पाहिलेल्यांनी हिकीची ही चित्रंही पाहावीत. त्यांच्यातले तरुण सरळ समोर पाहतात, आणि त्यांच्या आजूबाजूला एकही इंग्रज सेनापती नाही.